मागच्या चाकाच्या कमानीला गंज: गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात आणि पावसात नक्की टिकतं काय?

शापोरा_काठ
नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची हॅचबॅक, जीए-०३, घर शिवोलीला नदीच्या बाजूलाच त्यामुळे खारा वारा बारा महिने. डाव्या मागच्या चाकाच्या कमानीवर, व्हील आर्चच्या अगदी कडेला, रंगाखाली फोड आलाय. रुपयाच्या नाण्याएवढा असेल, नखाने दाबला तर कुरकुर वाजतो. तीन गॅरेजात दाखवली, तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणतो घासून लांबी, म्हणजे पुटी, भरतो आणि रंग मारतो, संध्याकाळी घेऊन जा. दुसरा म्हणतो सगळ्या गाडीला खालून काळं कोटिंग मारून घ्या, मग दहा वर्षं बघायला नको. तिसरा म्हणतो कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागेल.

आता फेब्रुवारी चालू आहे, पावसाला वेळ आहे, म्हणून आत्ताच नीट समजून घ्यायचंय. आणि दुसरं म्हणजे बाबांनी नुकतीच नवीन गाडी घेतली आहे, तिला हे होऊच नये म्हणून सुरुवातीपासून काय करता येईल? परदेशातले व्हिडिओ बघितले पण तिकडे थंडीत रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकतात, त्यांचं गणित वेगळं वाटतं. इथल्या अनुभवाचं सांगा.

गॅरेज_डिचोली
मी डेंटिंग-पेंटिंगचंच काम करतो, रोज हाताखालून जातं तेच सांगतो. बाहेर दिसणारा फोड ही गंजाची सुरुवात नसते, गंज आतून खात खात बाहेर पोचला की फोड दिसतो. मागची कमान म्हणजे दोन पत्रे असतात, बाहेरचा क्वार्टर पॅनल आणि आतला चाकाचा डोम. दोन्ही चाकाच्या कडेला येऊन एकमेकांना भिडतात, तिथे दुमड असते आणि स्पॉट वेल्ड असतात, जोडावर कंपनी सीलर भरते. टायर खडी उडवत राहतो, सीलरला बारीक चीर पडते, पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये ओढलं जातं आणि मग त्याला बाहेर यायला वाट नाही. त्यात त्या दुमडीच्या वरच्या बाजूला, म्हणजे चाकाच्या पोकळीत हात घालून वर चाचपलं की लागते ती कड, तिथे चिखल बसतो. आमच्या डिचोली-साखळी भागातली खाणीची लाल माती तर इतकी बारीक की एकदा बसली की पाऊस थांबून आठवडा झाला तरी आतून ओलीच, पत्र्याला ओलं पोतेरं गुंडाळून ठेवल्यासारखं.

पुढच्या कमानीचं एवढं टेन्शन नाही, पुढचा फेंडर बोल्टवर असतो, फारच सडला तर उघडून नवीन बसवता येतो. मागचा क्वार्टर पॅनल बॉडीला वेल्ड केलेला असतो, तो बदलणं म्हणजे मोठी कापाकापी. म्हणून काळजी घ्यायची ती मागच्याची.

तुमच्या तिघांपैकी कोण बरोबर ते बघितल्याशिवाय कळणार नाही. चाक काढा, आतलं प्लास्टिक लायनर असेल तर क्लिपा आणि स्क्रू काढून ते खाली घ्या, चिखल पूर्ण धुवा, मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कडेकडेने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो आणि टोकाने दाबलं तर आत जातो. टोक आत गेलं तर तिसरा माणूस बरोबर. नाही गेलं तर वाचली.

बार्जवाला
जुवारीच्या काठावर बार्ज दुरुस्तीच्या यार्डात बरीच वर्षं काढली, लोखंड आणि खारं पाणी एवढंच आयुष्य. गाडीच्या पत्र्याला आणि बार्जच्या पत्र्याला नियम एकच.

लोखंडाला गंजायला पाणी आणि ऑक्सिजन लागतो, मीठ त्यात काय करतं तर पाण्यातून करंट सहज वाहायला लागतो आणि गंजाचा वेग वाढतो. पण मिठाचा त्याहून वाईट गुण म्हणजे ते हवेतलं पाणी ओढून घेतं. साधं मीठ हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या आसपास गेला की स्वतःच विरघळायला लागतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचं क्लोराइड असतं ते तर त्याच्या निम्म्याहून कमी दमटपणातही पाणी धरतं. आपल्याकडे पावसाळ्यात दमटपणा ऐंशी-नव्वद टक्के. म्हणजे गाडी छपराखाली उभी आहे, पावसाचा थेंब पडलेला नाही, तरी दुमडीत मीठ असेल तर पत्रा ओलाच. शेडमध्ये ठेवतो म्हणून गंज लागणार नाही असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दुसरी गोष्ट कडेची. ओला रंग कडेवरून मागे सरकतो, त्यामुळे सपाट भागावर थर जाड आणि धारेवर पातळ राहतो. म्हणून जहाजाच्या रंगकामात आधी सगळ्या कडा, वेल्ड, भोकं ब्रशने रंगवतात, त्याला स्ट्राइप कोट म्हणतात, आणि मग सगळीकडे स्प्रे मारतात. गाडीच्या कमानीची कड ही तशीच धार आहे, पेंटरला सांगा की आतून कडेला प्रायमर आधी ब्रशने लाव, मग गन चालव. पाच मिनिटांचं जास्तीचं काम आहे पण फरक तिथेच पडतो.

काणकोण_ते_पणजी
छान माहिती मिळतेय. माझा प्रश्न, कमानीवर बाहेरून लावायची जी क्रोमची किंवा काळ्या प्लास्टिकची पट्टी मिळते ती लावली तर कडेचं रक्षण होतं का? दुकानवाला म्हणतो होतं. आणि मडफ्लॅप लावावेत की नको? मी रोज हायवेने येते, पावसात ट्रकच्या मागून खडी आणि पाणी नुसतं उडत असतं.

गॅरेज_डिचोली
ताई, पट्टी अजिबात नको. डबल टेपवर चिकटवली तर पट्टी आणि रंगाच्या मध्ये बारीक रेती आणि पाणी जातं, गाडी चालताना पट्टी थरथरते आणि रेती रंग घासत राहते. स्क्रूवर बसवली तर त्याहून वाईट, चांगल्या पत्र्याला भोकं पाडून तिथून गंजाला वाट करून दिल्यासारखं. माझ्याकडे पट्ट्या उतरवतो तेव्हा मालकाचा चेहरा बघवत नाही, बाहेरून चकचकीत आणि आत पत्र्याचा चुरा. कंपनीतूनच क्लॅडिंग असलेल्या गाड्या असतात त्यांची मात्र वर्षातून एकदा क्लिपा काढून आतून धुवून घ्या.

मडफ्लॅप जरूर लावा, खडीचा मारा कमी होतो. फक्त बसवताना नवीन भोकं पाडू देऊ नका, कंपनीने दिलेल्या भोकांवर किंवा लायनरच्या स्क्रूवरच बसणारे घ्या. पाडावंच लागलं एखादं तर त्या भोकाच्या कडेला प्रायमर लावून वर वॅक्स, मगच स्क्रू. आणि बाहेर निघणारे रुंद टायर टाकून कमानीची कड आतून ठोकून घेणारे असतात ना, ठोकल्यावर सीलर तिथे हमखास फुटतो.

लाल_माती
वाळपईला असतो, आमच्याकडे पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको, गोव्यात इंचांची शंभरी बहुतेक आम्हीच आधी गाठतो. माझी जुनी जीप आहे, दर मे महिन्यात खालून जुनं इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून मारतो, आमचे वडीलही तेच करायचे. पत्रा शाबूत आहे. एवढे महागडे वॅक्स वगैरे कशाला?

बार्जवाला
तेलाचा थर पाणी अडवतो यात शंका नाही, जुनी माणसं उगाच करत नव्हती. पण तीन गोष्टी बघा. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातली आम्लं आणि धातूचा कीस असतो. दुसरं, डिझेल-ऑइलने सस्पेन्शनचे रबर बुश फुगतात आणि मऊ पडतात, जुन्या जीपला खाली पाट्यांच्या स्प्रिंगा आणि मोजकेच बुश, नव्या गाडीला खाली रबरच रबर. तिसरं आणि मला सगळ्यात जास्त लागणारं, पहिल्या दोन पावसात ते सगळं धुऊन अंगणात, शेतात, विहिरीत जातं. वाळपईहून निघालेलं पाणी म्हादईतूनच खाली येतं, आपणच पितो.

मऊ राहणारा थर हवा ही तुमच्या वडिलांची कल्पना मात्र शंभर टक्के खरी. लॅनोलिनवर म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या चरबीवर बनवलेले स्प्रे आणि वॅक्सवाले स्प्रे हेच काम करतात, वाळून कडक होत नाहीत, चिरेत स्वतःहून सरकत जातात, ओरखडा पडला तर आजूबाजूचं वॅक्स थोडं ओघळून तो बुजवतं.

लाल_माती
विहिरीचं पटलं. यंदा वॅक्स मारून बघतो, बुशचंही खरं आहे, दोनदा बदललेत.

शापोरा_काठ
अपडेट देतो. रविवारी चाक काढलं, लायनर खाली घेतलं. आत दुमडीवर चिखलाचा जो थर होता तो हाताने ओरबाडून काढावा लागला, त्यात सुरुची वाळलेली पानं, रेती, शिंपल्यांचे तुकडेसुद्धा. पाऊस जाऊन महिने झाले तरी मधला भाग दमट होता. धुवून ठोकून बघितलं, सुदैवाने टोक कुठेच आत जात नाही, पण कडेचा बोटभर लांबीचा भाग खवल्यासारखा झालाय आणि सीलर तिथे सुटलाय. उजवीकडे चिखल तेवढाच पण गंज फक्त पिवळसर डागाइतका.

आता गॅरेजवाले दादा, क्रमाने सांगा काय करायचं. मी स्वतः उभा राहून करून घेणार आहे.

गॅरेज_डिचोली
मग तुमची वेळेत सापडली. ऐका.

आधी गोड्या पाण्याने भरपूर धुवायचं, एकदा नाही, दोन-तीनदा, कारण पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत मीठ शिल्लक राहिलं तर वरून कितीही भारी रंग मारा, खालून पुन्हा फोड येणार. मग उन्हात दोन दिवस वाळू द्या, जमलं तर दुमडीत हवेची नळी मारून घ्या. नंतर गंज काढायचा तो वायर ब्रशने चकाकी आणून नाही, वायर ब्रश नुसता वरून पॉलिश करतो. ऐंशी नंबरचा पेपर किंवा स्ट्रिपिंग डिस्क, पांढरा पत्रा दिसेपर्यंत, आणि फोडाच्या कडेपासून दोन बोटं चांगल्या रंगातही जायचं. चांगल्या भागावर जास्त ग्राइंडर चालवू देऊ नका हां. कारखान्यात अख्खी बॉडी टाकीत बुडवून करंटवर पहिला प्रायमर चढवलेला असतो, तो एकदा घासून गेला की आम्ही कोणीच गॅरेजात तसाच परत आणू शकत नाही.

खड्ड्यांत काळे ठिपके राहतातच, तिथे रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेल्या गंजावर लावायचं ॲसिडवालं औषध. त्यावर दोन पार्टवाला इपॉक्सी प्रायमर, दोन हात. रेड ऑक्साइड एकट्यावर सोडू नका, तो स्वस्त आहे पण पाणी झिरपू देतो. इपॉक्सी सुकला की दुमडीच्या जोडावर पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा सीलर ब्रशने दाबून भरायचा. लांबी लागलीच तर इपॉक्सीच्या वर, अगदी पातळ. उघड्या पत्र्यावर किंवा गंजावर लांबी म्हणजे तुमचा तो संध्याकाळी घेऊन जा म्हणणारा, लांबी पाणी शोषते आणि एक-दोन पावसात फुगते. मग रंग, क्लिअर म्हणजे वरचा पारदर्शक थर, आणि आतल्या बाजूला खडीपासून बचाव करणारं स्टोन गार्ड. सगळं नीट सुकल्यावर शेवटी वॅक्स.

बार्जवाला
सगळं पटलं, फक्त कन्व्हर्टरबद्दल एक भर घालतो कारण इथेच बरीच कामं फसतात. बाजारात दोन जातीचे मिळतात. फॉस्फोरिक ॲसिडवाला गंजाचं आयर्न फॉस्फेट करतो, पण त्याचं ॲसिड पत्र्यावर उरलं तर वरचा इपॉक्सी धरत नाही, सालासारखा निघतो. तो वापरला तर डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुवून, पुसून, परत वाळवूनच पुढे जा. टॅनिक ॲसिडवाला गंजाला काळा करतो आणि बहुतेक वेळा त्यावर सरळ रंग मारता येतो. दोन्ही फक्त घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावर चालतात, सुट्या खपल्यांवर ओतून काही होत नाही. माझं मत विचाराल तर जिथे पेपर पोचतो तिथे पांढरा पत्रा काढून सरळ इपॉक्सी, कन्व्हर्टर फक्त जिथे हात पोचत नाही तिथे.

आणि वेळ. यार्डात नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर असेल आणि दमटपणा ८५ टक्क्यांच्या आत असेल तरच रंग. सकाळी सात वाजता पत्र्यावर दव असतं ते डोळ्यांना दिसेलच असं नाही, त्यावर प्रायमर मारलात तर पाणी आत कोंडलं. ऊन चढल्यावर दहा-अकराला सुरू करा आणि तीन-चारपर्यंत आटपा. जुलैत रंगकाम करून देणारा पेंटर कितीही चांगला असला तरी हवा त्याच्या हातात नाही.

गॅरेज_डिचोली
काका बरोबर बोलले, ॲसिडवाला मी धुतोच, लिहायचं राहिलं. आणि घरी कोणी करणार असेल तर मास्कचं विसरू नका, कोरोनावाला कापडी किंवा एन-९५ थिनरची वाफ अडवत नाही, कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, दमा लावतो. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, स्टँड लावा.

दिवाडीचा
आमचा प्रश्न फेरीबोटीचा. रोज गाडी फेरीत चढवतो-उतरवतो, भरतीच्या वेळी रॅम्पवर पाणी असतंच, चाकं त्यातून जातात. पावसात जास्त काळजी घ्यायची ना?

बार्जवाला
उलट आहे. पावसाळ्यात मांडवीला वरून एवढं गोडं पाणी येतं की खारटपणा खूप उतरतो. नोव्हेंबरपासून मेपर्यंत भरतीचं पाणी खारं, आणि लोक नेमके तेव्हाच निर्धास्त असतात कारण रस्ता कोरडा असतो. तुमच्यासाठी धुण्याचा हंगाम तो आहे. घरी आल्यावर साध्या नळीने चारी कमानी आतून, नळीचं तोंड वर करून दुमडीत पाणी सोडायचं, दोन-दोन मिनिटं पुरे. फक्त पाणी कुठलं आहे ते बघा. खाजनाजवळच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांजवळच्या, विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्याने धुतलंत तर मीठ लावताय, काढत नाही आहात. जिभेला खारट लागत असेल तर नळाचं वापरा.

काणकोण_ते_पणजी
वॉशिंग सेंटरवाल्याचा प्रेशर पंप चालेल का? तो कमानीत जोरात मारतो तेव्हा बरं वाटतं.

गॅरेज_डिचोली
चालेल पण लांबून. अगदी कडेला नोझल टेकवून मारलं तर जिथे आधीच खडीचा टवका उडालाय तिथला रंग उचकटतो, सीलरखाली पाणी घुसतं. चिखल आधी भिजवा, मग कमी दाबाने, भरपूर पाण्याने. मऊ जुना ब्रश किंवा हात घालून दुमड मोकळी करणं हेच खरं काम, आणि ते वॉशिंगवाला करत नाही, त्याला सांगावं लागतं.

समुद्र_हरमल
ऑनलाइन ते इलेक्ट्रॉनिक गंजरोधक यंत्र मिळतं, बॅटरीला जोडायचं आणि गाडीला गंज लागत नाही म्हणतात. जहाजांना करंट देऊन गंज थांबवतात हे खरं ना काका?

बार्जवाला
जहाजांना देतात, आणि बार्जच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात तेही त्याच तत्त्वावर, जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. पण हे होतं कारण ठोकळा आणि तळ दोन्ही एकाच पाण्यात बुडालेले असतात, त्या पाण्यातून सर्किट पूर्ण होतं. बार्जचाही पाण्यावरचा भाग या ठोकळ्यांनी वाचत नाही, तिथे रंगच लागतो. गाडी हवेत उभी असते, कमानीपासून त्या यंत्रापर्यंत पाण्याचा सलग मार्गच नाही. त्या पैशात वॅक्सचे डबे घ्या. गाडीत हे तत्त्व चालतं ते गॅल्व्हनाइज्ड पत्र्यात, जस्त पत्र्यालाच चिकटलेलं असतं म्हणून ओरखड्यावरही थोडं रक्षण मिळतं, पण कापलेल्या कडा आणि वेल्डजवळ ते कमी असतं, म्हणजे परत फिरून आपली कमानीची कडच.

शापोरा_काठ
बाबांच्या नवीन गाडीचं कोणीतरी सांगा. शोरूमवाल्यांनी डिलिव्हरीच्या वेळीच काळं कोटिंग मारून देतो म्हणून खूप आग्रह केला, आम्ही थांबलोय.

गॅरेज_डिचोली
चांगलं केलंत. काळं कोटिंग वाईट नाही, खडीच्या माऱ्याला ते चांगलंच. पण ते डांबर-रबराचं असतं, वाळून कडक होतं, काही वर्षांनी चिरतं आणि मग चिरेतून गेलेलं पाणी त्याच्या आड बसून पत्रा खातं, वरून मात्र काळं गुळगुळीत दिसत राहतं. स्क्रूड्रायव्हर लावला की मोठी पापुद्री निघते आणि खाली तांबूस भुगा. स्वच्छ, कोरड्या, नव्या पत्र्यावर कोणी मन लावून मारत असेल तर घ्या. पण बहुतेक ठिकाणी गाडी धुतली की अर्ध्या तासात फवारा, आणि ड्रेनची भोकंसुद्धा बुजवून टाकतात. दाराच्या खाली, रनिंग बोर्डच्या पत्र्याखाली छोटी भोकं असतात, आत गेलेलं पाणी बाहेर पडायला ठेवलेली, ती बुजली की अख्खा बोर्ड आतून भरतो.

नवीन गाडीला मी स्वतः असं करतो. मे महिन्यात, गरमीत, वॅक्स पातळ होऊन नीट पसरतं म्हणून. डिकीतली बाजूची ट्रिम काढायची, गरज पडली तर मागचा लाइटही, म्हणजे क्वार्टर पॅनल आणि चाकाच्या डोमच्या मधली पोकळी उघडी पडते. कॅव्हिटी वॅक्सच्या डब्याला लांब नळी आणि चहूबाजूंनी फवारणारं तोंड येतं, ती नळी कमानीच्या कडेपर्यंत खाली घालून, फवारत हळूहळू मागे ओढायची. थोड्या वेळाने चाकाच्या बाजूने दुमडीतून वॅक्सचे थेंब बाहेर आले की समजायचं आत पोचलं. मग चाकाच्या बाजूने कडेला आणि लायनरच्या मागे. सीट बेल्टची रीळ, स्पीकर, वायरिंगचे कनेक्टर कागदाने झाकून घ्यायचे, एअरबॅगच्या वायरींना हात लावायचा नाही. ब्रेक डिस्क आणि पॅडवर एक थेंब पडता कामा नये, सायलेन्सरवर पडलं तर धूर आणि वास. झालं की ड्रेनची भोकं तारेने मोकळी आहेत का बघायची. बाहेर वाहून जाणारं वॅक्स दरवर्षी परत, आतल्या पोकळीतलं तीन-चार वर्षं तरी बघावं लागत नाही.

गाडीची वॉरंटी असेल तर ट्रिम काढायच्या आधी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या, तेवढं.

लाल_माती
प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवणाऱ्यांनाही सांगा. शेजाऱ्यांची गाडी पावसाळाभर ताडपत्रीखाली होती, चवथीला बाहेर काढली तर कमानी आणि डिकीची कड दोन्ही फुगलेली. खालून जमिनीची वाफ, वरून कव्हर, वारा नाही. त्यापेक्षा नुसतं उघडं छप्पर बरं.

शापोरा_काठ
काम झालं. मार्च संपता संपता करून घेतलं, पेंटरकडे उभं राहून आधी ब्रशने कडेला प्रायमर लावून घेतला, पहिल्यांदा तो नाही म्हणत होता, मग बार्जवाल्या काकांचं कारण सांगितल्यावर त्यालाही पटलं. उजवी बाजू फक्त धुवून, पेपर मारून, इपॉक्सी आणि सीलर, बाहेरचा रंग लागलाच नाही. मे महिन्यात दोन्ही गाड्यांना आतून वॅक्स. डब्याचं तोंड एका जागी अडकत होतं म्हणून लाइट काढावा लागला, तो सल्ला कामी आला. सगळ्यांना देव बरें करूं.

म्हापसा_बाजार
धागा वर काढतोय. जून अर्धा झाला, पाऊस धो धो आणि आज माझ्या गाडीला तोच फोड दिसला. गाडी १५ वर्षांची होत आली, पुढच्या वर्षी परत पासिंगला न्यायची आहे. आत्ता काय करू? पेंटर म्हणतो लगेच आणा.

गॅरेज_डिचोली
आत्ता रंगाचं काम नको. लायनर काढा, चिखल काढून धुवा, पाऊस उघडेल त्या दिवशी छपराखाली टेबल फॅन लावून कमान कोरडी करा, हेअर ड्रायर असेल तर तो फिरवा. फोड फोडू नका, खरवडू नका. आतून-बाहेरून लॅनोलिनचा किंवा वॅक्सचा स्प्रे भरपूर मारा, आणि दर तीन-चार आठवड्यांनी परत मारत राहा. गंज थांबणार नाही पण मंदावेल. फोडाच्या जागी वॅक्स दिसायला घाण दिसतं, दिसू दे, पुढे थिनरने नीट पुसून घेतल्याशिवाय मात्र त्यावर काहीच धरणार नाही हे पेंटरला आठवणीने सांगा.

दिवाळी झाली, हवा कोरडी पडली की आणा. आणि १५ वर्षांची गाडी आहे तर कमानीबरोबर रनिंग बोर्डचं मागचं टोक, मागच्या सस्पेन्शनची बैठक आणि सीट बेल्ट जिथे बॉडीला बोल्ट होतो ते तिन्ही ठोकून बघून घ्या. कमानीचं भोक दिसायला वाईट पण तिथे सडलं असेल तर ते जिवाचं काम, तिथे पॅच किंवा लांबी कोणी सुचवली तर दुसऱ्याकडे जा, चांगल्या पत्र्यापर्यंत कापून वेल्डच लागतो. हे ठोकून बघायला पाऊस थांबायची गरज नाही, याच आठवड्यात बघा.